बंबी

तुर्भ्याला, दाणाबंदरात, चोवीस वर्षं
मी पोत्यांच्या पोटात बंबी घालतो.
एक टोचा, मनगटाला अर्धा पीळ,
आणि तळहातावर उतरते लातूरची तूर, जालन्याचा हरभरा,
कधी वरच्या चांगल्या थराखाली दडवलेला
मागच्या सालचा किडका माल.
धरमशीभाई म्हणतात, "बोला, देवरुखकर."
मी एक दाणा दाढेखाली धरतो.
कट् वाजला तर कोरडा. दबला तर ओल आहे.
माझ्या दाढेच्या शब्दावर
भरलेले ट्रक माघारी गेलेत.

आता तीस दिवस मला दाणा वर्ज्य.
गहू, तांदूळ, ज्वारी, कुठलीही डाळ,
दूध, साखर, गूळ, शेंगदाणा.
"पाकिटातलं नको. जमिनीतून आलंय तसं खा,"
वाशीच्या मृण्मयी मॅडम म्हणाल्या.
मॅडम, तूरही जमिनीतूनच येते.
त्या हसल्या आणि मला एक वही दिली.

रताळं, बीट, लाल भोपळा,
उकडलेली अंडी, रताळं,
दिवाळ्याच्या बाजारातली मांदेली,
पिठाशिवाय भाजलेली, उघडी.
पुन्हा रताळं.
पोट शांत होणार होतं.
नवव्या दिवशी पोटात वरात निघाली, बेंजोसकट.
रात्री अडीचला कोपरखैरण्याचं सेक्टर एकोणीस झोपलेलं,
आणि मी गॅलरीत
गुडघे छातीशी घेऊन वॉचमनला दिसणारा.
पूर्वी चार-चार दिवस रुसून बसायचं ते
आता सकाळी तीनदा हाक मारतं.
गाळ्यापासून संडास दोनशे बारा पावलं.

हेमांगी म्हणाली, ताकात चिमूटभर हिंग घे.
ताक बंद. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं
तिनं चष्मा वर करून वाचली:
त्यातही गव्हाचं पीठ.
म्हणजे वात घालवणाराच तडीपार.

मॅडमना फोन केला.
"सुरुवातीला होतं असं. शरीर नव्यानं शिकतंय."
मी बावन्नचा आहे, मॅडम.

सतराव्या दिवशी, बंबी, तळहात, दाढ, कट्.
सवयीनं.
वहीत लिहिलं: तूर, एक दाणा. चावला. थुंकला.
थुंकला का, ते खरं तर आठवत नाही.

बाजीराव शेडगे पाठीवरचं पोतं थप्पीला लावून
त्याच थप्पीला टेकून बसले.
बाजरीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा.
माझ्या डब्यातला भोपळा पाहून म्हणाले,
"साहेब, गोदामातला उंदीर बरा खातो तुमच्यापेक्षा."
मी हसलो.
माझ्यानंतर बराच वेळ पोट हसत राहिलं.

दुसऱ्याच्या पोत्यात काय आहे ते
शिवण न उसवता सांगतो मी.
इथं कुठं टोचू?
कुठल्या थराखाली कुणी भरून ठेवलाय जुना माल?
आप्पांना पोचवून आल्यावर
नाक्यावर उभ्यानं खाल्लेले दोन वडे,
हिशेब जुळेना त्या मार्चमधला रोजचा चौदा कप चहा,
थोरला घर सोडून गेला त्या रात्री
कुणीच न जेवलेला आमटी-भात,
जो नंतर एकट्यानं मी संपवला,
वाया जाऊ नये म्हणून.

एकतिसावा दिवस. आता एकेक पदार्थ परत घ्यायचा,
मध्ये तीन दिवस थांबून, लक्ष ठेवून.
हेमांगीनं मुगाचं साधं वरण केलं.
फोडणी नाही. हिंग तर नाहीच.
वाटी पुढे ठेवली आणि समोरच बसली,
पोराचा निकाल लागायचा असावा तशी.
पहिला चमचा मी जिभेवर बराच वेळ ठेवला.
ओल किती, ते बघत.

मग आम्ही दोघं थांबलो.
आत गुडगुडलं.
ती वाकली, माझ्या पोटाला कान लावला.
वीस-एक वर्षांत पहिल्यांदा.
"काय म्हणतंय?"
"गाडी लागलीय," ती म्हणाली. "माल उतरतोय.
गप्प बस, मोजू दे."

वहीत लिहिलंय: मूग. दोन चमचे. रात्री नऊ वीस.
पुढच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.
तिनं कान काढलेला नाही.